मोठीमायची पाणजोड

मोठीमाय घरात शिरली की आधी रांजणाचं झाकण उचलायची. दार वाजवावं, बाहेरून हाक मारावी, माणसं जेवत आहेत की झोपली आहेत ते बघावं, यातलं काहीच तिला मंजूर नव्हतं. सरळ स्वयंपाकघरात जायचं, झाकण उचलायचं, आत डोकावायचं आणि मग तोंड उघडायचं. रांजण काठोकाठ असला तर, "एवढं कायले भरून ठेवलं व? पोहाले जाता का त्यात?" आणि अर्धा असला तर, "काल सांजच्याले झोपले होते का सारे?" आमचा रांजण तिला कधी बरोबर वाटलाच नाही. माझ्या बायकोनं, सुनंदानं, एकदा मुद्दाम विचार करून तो पाऊण भरून ठेवला. मोठीमायनं झाकण उचललं, बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाली, "झाकणाले वास येऊन राह्यला. उन्हात टाक."

तिच्याबद्दल लिहायला बसलो तेव्हा मनात काहीतरी हळवं येईल असं वाटलं होतं. आला तो वैतागच. याचंही मला अपराधी वाटतं. तसं मला बहुतेक गोष्टींचं अपराधी वाटतं, तो माझा स्वभावच आहे; पण मोठीमायबद्दलचा वैताग इतका खरा होता की तो गाळला तर ती या कागदावर उतरणारच नाही.

तिचं नाव अनसूया. मोठीमाय म्हणजे आमच्याकडे वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. ही कोणाचीच तशी नात्यानं लागत नव्हती, तरी सगळ्या गावाची होती. समोरचे लोक तिला पेद्दम्मा म्हणायचे. तेलुगूत त्याचा अर्थ तोच होतो. दोन राज्यांचं एकमत झालेली आमच्या गावातली बहुधा ही एकच गोष्ट.

समोरचे म्हणजे रस्त्यापलीकडचे. पांढरकवड्याकडून आदिलाबादकडे जाणारा एक जुना रस्ता आमच्या माळपेठेत शिरला, की राज्याची सरहद्द त्याच्या पोटातून चालू लागते. डाव्या हाताची घरं यवतमाळ जिल्ह्यात, उजव्या हाताची तेलंगणात. गाव एकच, पण ग्रामपंचायती दोन, पोलीस ठाणी दोन, रेशनची दुकानं दोन, लाइट जाण्याच्या वेळा दोन. तिकडच्या बायांना त्यांच्या बसमध्ये तिकीट नाही, इकडच्या बायांना आपल्या एस.टी.त अर्धं. बाहेरून येणारे पाहुणे एक पाय इकडे आणि एक तिकडे ठेवून फोटो काढतात. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. आम्हाला वाटायचं ते पाण्याचं.

इकडचे नळ सकाळी यायचे, तिकडचे संध्याकाळी. उन्हाळ्यात तेही एक दिवसाआड. म्हणून गावात एक रीत पडली होती. इकडच्या प्रत्येक घराला तिकडचं एक घर जोडून दिलेलं. सकाळी इकडच्यांनी तिकडच्यांना पाणी द्यायचं, संध्याकाळी तिकडच्यांनी ते परत करायचं. म्हणजे दोघांकडेही दिवसभर ताजं पाणी. याला पाणजोड म्हणायचे. नवीन सून आली तर तिला सासूच्या आधी पाणजोड दाखवायचे. ही रीत कोणी सुरू केली, यावर मोठीमाय सांगायची मी, आणि समोरची राजव्वा सांगायची मी.

राजव्वा ही मोठीमायची पाणजोड. तिच्याबद्दल पुढे सांगावंच लागेल.

जोड्या मोठीमाय लावायची. तिला हा अधिकार कोणी दिला, हे विचारायची सोय नव्हती. समोरासमोरची घरं जोडून मोकळं व्हावं, एवढी साधी गोष्ट, पण नाही. ती डोकं लावायची. जिथे लेकरं जास्त, त्या घराला म्हातारा-म्हातारीचं घर. जिथे नवरा-बायको सतत भांडतात, त्यांना समोरचा बहिरा सुतार. त्यामुळे सगळ्या जोड्या तिरप्या. सकाळी नळ आला की रस्त्यावर माणसं घागरी घेऊन अशी आडवी-तिडवी धावायची, की ट्रकवाल्यांनी ब्रेकवर उभं राहावं. मोठीमाय रस्त्याच्या मधोमध उभी. नवरा रस्त्याच्या गँगवर मजूर होता. तो गेल्यावर त्याचे कापडी बूट तिनं पायात घातले ते कायमचे. हातातला पितळी गुंड, म्हणजे आमच्याकडची घागर, डोक्यावर उंच धरला की ट्रक थांबायचा. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला की तिचं ठरलेलं वाक्य, "दोन मिनटं थांबलं तं काय हैदराबाद पळून जाते का?" उलट दिशेनं येणाऱ्याला, "नागपूर पळून जाते का?"

मी यवतमाळहून नोकरी सोडून गावी परतलो आणि रस्त्यावरच झेरॉक्सचं दुकान टाकलं, मागे घर. सामानाचा टेम्पो अजून रिकामा झाला नव्हता तर मोठीमाय हजर.

"दिलीप, तुही पाणजोड येल्लय्या."

"कोण येल्लय्या?"

"वेल्डिंगवाला. थो पाह्य, ठिणग्या उडवून राह्यला."

"मोठेमाय, मी टाकी बसवणार आहे. वर, स्लॅबवर. मला पाणजोड लागणार नाही."

तिनं टाकी पाहिली. काळी, नवी, टेम्पोत आडवी पडलेली. मग माझ्या मुलीकडे पाहिलं, ती तेव्हा शाळेत शिकत होती. "बरं हाये," ती म्हणाली. "मंग थे टाकी येईन ना हिच्या लग्नात वाढाले?"

टाकी बसल्यावर एका संध्याकाळी येल्लय्या दोन बादल्या घेऊन दारात उभा. टाकी भरलेली असताना. नको म्हटलं तर तो आत येऊन बसला आणि अर्ध्या हिंदीत, अर्ध्या तेलुगूत, त्याच्या सासऱ्याशी झालेल्या भांडणाची हकीकत सांगू लागला. ती संपली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मी यवतमाळात इतकी वर्षं भाड्याच्या घरात राहिलो, शेजाऱ्याचं आडनाव मला माहीत नव्हतं, आणि मी किती सुखात होतो हे मला त्या आठवड्यात कळलं. पुढे मुलीच्या लग्नात वाढायला येल्लय्याच होता, आणि वरणाचं पातेलं त्यानं कोणाला हात लावू दिलं नाही, हे खरं आहे. पण त्यानं माझा वैताग कमी झाला असं खोटं कशाला लिहू? लग्नातही त्यानं सासऱ्याची हकीकत वऱ्हाड्यांना सांगितलीच.

एक गोष्ट मात्र इथे लिहिली पाहिजे. आमची शेतीवाडी होती, आणि आजोबांची विहीर गावातली मोठी. त्या विहिरीवर मोठीमायच्या आईला दोराला हात लावता यायचा नाही. खाली घागर घेऊन बसायचं, कोणी वरून ओतलं तर ओतलं. पुढे त्यांच्या वस्तीनं धम्म स्वीकारला, काळ बदलला, नळ आले. त्या आईची ही मुलगी गावातल्या प्रत्येक घरात न विचारता शिरायची आणि रांजणाचं झाकण उचलायची. आमच्या घरातही. माझे वडील तेव्हा होते. ती आत शिरली की ते पेपर तोंडासमोर धरायचे आणि पान उलटायचे नाहीत. हे मला उशिरा कळलं असं म्हणून सुटता येणार नाही. कळत होतं. कळत असूनही ती "झाकणाले वास येऊन राह्यला" म्हणाली की माझ्या कपाळाची शीर उठायची.

तिला मी एकदा विचारलं, "मोठेमाय, तू रोज सगळ्यांचं झाकण का उघडून पाहते?"

"पाह्यलं नाही तं समजन कसं?"

"पण विचारता येतं ना, पाणी आहे का म्हणून."

"विचारलं तं लोक हो म्हणते रे," ती म्हणाली. "लोकाइले काय."

आता राजव्वा. बुटकी, जाड, कपाळाला मोठं कुंकू, दाराशी विड्या वळत बसलेली. विड्यांच्या सुपावरून तिचा हात कधी थांबायचा नाही आणि तोंडही. मोठीमाय सकाळी गुंड घेऊन तिच्याकडे जायची. राजव्वा गुंडात डोकावायची आणि म्हणायची, "एंदी अक्का, हे काय, अर्धंच हाये." मोठीमाय म्हणायची, तुह्या डोयाले मोतीबिंदू हाये. राजव्वा म्हणायची, माझे डोळे आदिलाबादच्या डॉक्टरनं तपासले, तुझे कोणी तपासले? संध्याकाळी हेच उलट्या बाजूनं. राजव्वा यायची, मोठीमाय डोकावायची, "अर्धंच आणलं व हे." हे माझ्या दुकानासमोर, दररोज, गिऱ्हाईक समोर असताना. एकदा पोस्टातले साहेब आधार कार्डाची झेरॉक्स घ्यायला आले होते. त्यांनी मला हळूच विचारलं, यांचा काही कोर्टात वाद चालू आहे का? मी म्हटलं, नाही हो, या मैत्रिणी आहेत. ते कार्ड विसरून गेले.

ही भांडणं कधी मिटत नसत, पण एखाद्या दिवशी झालीच नाहीत तर दोघींपैकी एक आजारी आहे असं गाव समजायचं.

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तिनं जे केलं, ते मी अजून विसरलो नाही. मिरवणूक दरवर्षी इकडच्या वस्तीतून निघून इकडेच संपायची. मोठीमायनं त्या वर्षी ठरवलं, तिकडच्या वस्तीतही जायची. तिकडच्या ठाण्याची परवानगी कोणी काढली नव्हती. रस्त्याच्या मध्यावर आमचे हवालदार आडवे आले. "मोठेमाय, याच्या पुढं माहा हुकूम नाही चालत."

"तुहा नाही चालत, माहा चालते."

ती एकटी पलीकडे गेली. तिकडचे लोक आधीच फुलं घेऊन उभे होते, राजव्वा पुढे. मोठीमायनं तिकडून ओरडून सांगितलं, "रथ थ्या रेघीपाशी आणून उभा करा. पुढं हे लोक ओढतीन. तुमचा हुकूम नाही मोडत अन् याइचा बी नाही मोडत." रथ मध्यावर उभा राहिला. इकडच्या माणसांनी दांडी सोडली, तिकडच्यांनी धरली. मागे दोन्हीकडे ट्रकांची रांग, त्यात एक वऱ्हाडाची गाडी. नवरदेव उतरून माझ्या दुकानात पाणी मागायला आला. तिकडचे पोलीस आले तोवर रथ त्यांच्या चौकात पोचला होता आणि त्यांचा एक शिपाई चपला काढून हात जोडून उभा होता. त्या दिवसापासून मिरवणूक दोन्हीकडे जाते. परवानगीचे दोन अर्ज दरवर्षी कोण लिहितं? मी. फुकट.

गाव वाढत होतं. पांढरकवड्याच्या बाजूला प्लॉट पडले, तिकडे तेलंगणाच्या बाजूला एक राइस मिल आली, मोबाइलची दुकानं आली, दोन्हीकडे कोचिंग क्लास. नवे लोक टाक्या बसवत होते, कॅनचं पाणी घेत होते. मोठीमाय त्यांच्याकडेही जायची. काही लोक दार लावून घ्यायचे. ती बाहेर उभी राहून मोठ्यानं पाणजोडीचं नाव सांगायची आणि निघून यायची. जोड्या कमी होत गेल्या. आमच्या ओळीत पाच-सहा उरल्या. तिला ते दिसत नव्हतं असं नाही. त्या दिवसांत ती आमच्या रांजणात जरा जास्तच वेळ डोकावायची.

मग रस्ता रुंद होणार असं ठरलं. इकडची बाजू आपलं राज्य करणार, तिकडची तेलंगण. आणि मध्ये दुभाजक. कमरेएवढा, सिमेंटचा, गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. गाड्यांना वळायला कट फक्त दोन टोकांना.

मी दुकानदारांच्या समितीत होतो. आम्ही खूश होतो. रस्ता मोठा, गाव मोठं. मोठीमाय दुकानात आली, काउंटरवर गुंड आदळला.

"अर्ज लिव्ह."

"कशाचा?"

"मधात फट पाह्यजे. माणूस जाईन एवढी. माह्या दारापुढं."

"मोठेमाय, आता कोणाला गरज आहे पाणजोडीची? टाक्या आहेत लोकांकडे. आणि पलीकडे जायचंच असेल तर टोकाशी कट आहे."

"राजव्वाचा गुडघा पाह्यला का तू?"

मी पाहिला होता. राजव्वा रस्ता ओलांडायलाच आता विड्यांची अर्धी जुडी वळून होईल एवढा वेळ घ्यायची. टोकाच्या कटपर्यंत जाणं तिच्यानं कधीच होणार नव्हतं. मोठीमायचंही वय झालं होतं. ती दिवसातून एकदा गेली असती, दोनदा नाही. दुभाजक सलग झाला असता तर त्या दोघींचं भांडण संपलं असतं. मोठीमायच्या तोंडून तेवढंच ऐकलं, राजव्वाच्या गुडघ्याचं. पुन्हा ती पाण्याबद्दलच बोलत राहिली.

मी अर्ज लिहिला. आपले इंजिनिअर, तरुण, भले होते. ते म्हणाले, "आजी, आम्ही फट ठेवू. पण पलीकडच्यांनी ठेवली नाही तर उपयोग काय? त्यांचं कबूल आहे का?"

"हो. त्याइनं कबूल केलं."

मी तिच्याकडे पाहिलं. पलीकडच्यांना अजून कोणी विचारलंही नव्हतं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "हे खोटं होतं."

"खोटं कायले? आता जाऊन विचारतो ना."

पलीकडे राजव्वानं तिच्या पंचायतीतल्या पोराकडून अर्ज लिहून घेतला. तिकडच्या इंजिनिअरनं तोच प्रश्न विचारला आणि मोठीमायनं राजव्वामार्फत तेच उत्तर दिलं: महाराष्ट्रानं कबूल केलं. दोन्ही इंजिनिअर एकमेकांना फोन करतील, सगळं उघडं पडेल, आणि माझ्या दुकानाचं नाव निघेल, म्हणून मी कितीतरी रात्री नीट झोपलो नाही. त्यांनी फोन केले नाहीत. इतकंच नव्हे, त्यांनी काहीच एकमेकांना विचारलं नाही. कारण काम सुरू झालं तेव्हा गावाला कळलं, की दुभाजक एक नाही, दोन होते. आपल्या राज्याच्या आराखड्यात एक आणि त्यांच्या आराखड्यात एक. प्रत्येकानं आपल्या हद्दीच्या काठावर आपला बांधला. दोन समांतर भिंती, मध्ये एका खाटेएवढी रुंद मातीची पट्टी. ती कोणाचीच नाही.

आणि दोन्ही भिंतींत एकेक फट होती. कबूल केल्याप्रमाणे. आपल्या भिंतीतली फट मोठीमायच्या दारापुढे, त्यांच्या भिंतीतली राजव्वाच्या दारापुढे.

फक्त त्या समोरासमोर नव्हत्या.

सिमेंट सुकल्यावर आम्ही सगळे बघायला उभे राहिलो. आपल्या फटीतून आत गेलं की समोर त्यांची सलग भिंत. त्यांची फट चांगली चार-पाच घरं सोडून पुढे. तेव्हा कुठे साऱ्या गावाच्या डोक्यात उजेड पडला, की मोठीमायचं घर आणि राजव्वाचं घर समोरासमोर नाहीच. कधीच नव्हतं. जोड्या तिरप्या, हे सगळ्यांना माहीत. पण मोकळ्या रस्त्यावरून एवढी वर्षं तिरपं चालून चालून दोघींची खात्री झाली होती की आपण समोर राहतो. दोघींनीही अर्जात "समोर फट ठेवावी" असंच सांगितलं. आणि इकडच्या अर्जात मी ते लिहिलं.

मोठीमाय फटीत उभी राहिली, समोरच्या भिंतीला हात लावला, आणि माझ्याकडे वळली. "तुले दिसलं नाही? दिवसभर दुकानात बसून इकडंच तं पाहत राह्यतं!"

"मोठेमाय, तुझं घर. तू चालायची."

"मी चालू का पाहू?"

येल्लय्या हसायला लागला. पलीकडून राजव्वा हसत होती की शिव्या देत होती ते ट्रकांच्या आवाजात कळलं नाही. मला हसू आलं नाही. मला वाटलं, झालं, संपलं. मी लिहिलेला अर्ज माझ्यासमोर पुराव्यासारखा उभा होता. रात्री सुनंदाला म्हटलं, मी एकदा बाहेर येऊन नीट पाहिलं असतं तर. ती म्हणाली, "तुम्ही पाहिलं असतं तरी तिनं ऐकलं असतं का?" ते खरं होतं, पण त्यानं झोप आली नाही.

सकाळी दुकान उघडलं तेव्हा मोठीमाय दोन भिंतींच्या मधल्या पट्टीतून चालत होती, डोक्यावर गुंड. आपल्या फटीतून आत, मग पट्टीतून सरळ पुढे, मग त्यांच्या फटीपाशी. दोन्ही बाजूंनी ट्रक. भिंतीच्या वर फक्त तिचं अर्धं अंग आणि गुंड दिसत होता. पलीकडच्या फटीतून राजव्वा कशीबशी आत आली होती आणि पट्टीत बसली होती.

"अर्धंच हाये, अक्का."

आठवड्याभरात पट्टीत एक खाट आली. जागा खाटेएवढी होतीच. येल्लय्यानं लोखंडी हात वेल्ड करून भिंतीला ठोकले आणि वर ताडपत्री टाकली. उरलेल्या जोड्याही तिथेच भेटू लागल्या. ज्यांच्या जोड्या मोडल्या होत्या तेही यायला लागले, कारण संध्याकाळी रस्त्यावर बसायला गावात दुसरी जागा उरली नव्हती. नव्या प्लॉटवरची एक बाई, जिनं मोठीमायच्या तोंडावर दार लावलं होतं, ती एकदा भाजी निवडायला तिथे येऊन बसली. मोठीमायनं तिला न विचारता पाणजोड सांगितली. दोन्हीकडचे अधिकारी आले, ही अतिक्रमणं कोणाच्या हद्दीत म्हणून पाहून गेले. इकडचे म्हणाले त्यांची, तिकडचे म्हणाले यांची. दोन्हीकडचे हॉर्न, धूळ, धूर, आणि मध्ये त्या दोघी. मला दुकानातून त्यांची भांडणं आता पूर्वीपेक्षा जोरात ऐकू यायची, कारण ट्रकच्या वरताण बोलावं लागे.

मागच्या उन्हाळ्यात मोठीमाय पट्टीतच घसरून पडली. खुब्याचं हाड. दवाखाना झाला, चालणं सुटलं. उमरखेडला तिची मुलगी असते, ती घ्यायला आली. मोठीमायनं आठवडाभर सगळ्यांना शिव्या दिल्या आणि शेवटी तयार झाली.

गाडी आमच्या बाजूला उभी होती. आमच्या बाजूचा रस्ता आता फक्त आदिलाबादकडे जातो. उमरखेडला जायचं तर आधी उलट दिशेनं टोकाच्या कटपर्यंत जायचं, वळायचं आणि पलीकडच्या राज्यातून परत यायचं. मोठीमायला मागच्या सीटवर आडवी-तिरपी बसवली. मांडीवर गुंड. मुलगी म्हणाली, माय, तिथं नळाले चोवीस तास पाणी असते, हा कायले घेते. मोठीमायनं गुंड पोटाशी ओढला.

राजव्वा पट्टीत खाटेवर बसली होती. मोठीमायनं गाडी निघताना त्या बाजूला मान वळवली नाही. राजव्वानंही विड्यांच्या सुपावरून डोळे काढले नाहीत. गाडी गेली. मी पट्टीत उभा होतो.

थोड्या वेळानं गाडी पलीकडच्या रस्त्यानं परत आली. राजव्वाच्या फटीसमोर आल्यावर काचेतून गुंड बाहेर आला, मग हात, मग आवाज. "थांबव. थांबव म्हणतो ना!" गाडी रस्त्यात उभी राहिली. मागच्या ट्रकनं हॉर्न धरला.

"राजव्वा, उद्यापासून हा दिलीप आणून देईन तुले पाणी. आळशी हाये. पण समोर राह्यते."

"मोठेमाय, मी समोर नाही राहत," मी म्हटलं. "माझी पाणजोड येल्लय्या आहे."

"येल्लय्याले मी सांगतलं. त्याले त्या नव्या प्लॉटवालीले देलं." मग तिनं गुंड माझ्याकडे पुढे केला. तो मी घेतला, कारण ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरत होता. गुंडात पाणी होतं. सकाळचं, आमच्या बाजूचं. "अन् झाकण उचलून पाह्यत जाजो तिच्या घरी. विचारजो नको."

ड्रायव्हर गाडीपाशी पोचला. मोठीमायनं त्याला काचेतून खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"दोन मिनटं थांबलं तं काय नागपूर पळून जाते का?"

गाडी निघाली. पुढच्या वळणापर्यंत तिचा हात काचेबाहेर होता, ट्रकवाल्याला थांब म्हणत. त्यानं खरोखरच थांबवून ठेवला होता ट्रक.

राजव्वानं सूप बाजूला ठेवलं, मला जवळ बोलावलं आणि ती गुंडात डोकावली.

"अर्धंच हाये," ती म्हणाली.